बेडूक व्हायला बंदी? ‘शिस्तीतला योग’वाल्या त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

पालकांच्या ग्रुप्सवर एक लांबलचक मेसेज फिरतोय, तुमच्यापर्यंत आला नसेल तर येईलच. थोडक्यात सांगते त्यात काय आहे. मुलांना बेडूक, फुलपाखरू, झाड वगैरे बनवून जो ‘प्ले योगा’ घेतात तो म्हणजे निव्वळ टाइमपास आणि योगाची थट्टा. तीन वर्षांपासूनच शिस्तीत आसनं करून घ्या, प्रत्येक आसन पूर्ण एक मिनिट. शरीर आत्ता लवचिक आहे तर हवं तेवढं वाकवून घ्या. याने डावा-उजवा मेंदू जोडला जातो, गणित सुधारतं, उंची वाढते, श्वास रोखायला शिकवला की एकाग्रता येते, चंचल मुलांची औषधं सुटतात. आणि वेळ नसेल तर रोज व्हिडिओ लावून द्या, मूल आपोआप शिकतं. खाली ‘प्रत्येक पालकाने वाचावे’ आणि हात जोडलेल्या इमोजींची रांग.

मी लहान मुलांसोबत हेच हालचालींचे खेळ घेते, त्यामुळे मला हा मेसेज आत्तापर्यंत इतक्या जणांनी पाठवलाय की एकदाच सगळं लिहून टाकते.

‘प्राण्यांची नक्कल म्हणजे योगाची थट्टा’

ज्याने हे लिहिलंय त्याने घेरंडसंहिता उघडूनसुद्धा बघितलेली नाही. हठयोगाचा हा ग्रंथ साधारण सतराव्या शतकातला मानतात, आणि त्यातलं आसनांचं प्रकरण सुरूच होतं ते जगात जेवढे जीवजंतू तेवढी आसनं या विधानाने. मग शंकराने सांगितलेली 84 लाख, त्यातली उत्तम 84, आणि त्यातली माणसांसाठी 32 असा हिशोब येतो, आणि त्या 32 मध्ये मासा, मोर, कोंबडा, कासव, बेडूक, गरुड, बैल, टोळ, मगर, उंट, साप असं अख्खं प्राणिसंग्रहालय आहे. म्हणजे बेडूक होऊन बसणं ही कालच्या कुठल्या तरी हौशी टीचरची आयडिया नाहीये. आता, त्या साधकांनी मोठ्याने डराँव डराँव केलं नसेल हे मान्य :) पण थट्टा म्हणणं म्हणजे फारच झालं.

पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. या मेसेजमागचा समज असा की आसन हे खरं काम, आणि गोष्ट, आवाज, सोंग हे मुलांना फसवायला वरून लावलेलं काहीतरी, जे काढून टाकलं तर जास्त ‘शुद्ध’ योग उरेल. या वयात नेमकं उलटं असतं. सोंग काढलंत की उरतं ते कंटाळलेलं मूल आणि ओरडणारा मोठा माणूस.

याला माझ्या अनुभवाच्या पलीकडेही आधार आहे. 1948 मध्ये मनुइलेंको या सोव्हिएत संशोधिकेचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बालवाडीच्या वयाच्या मुलांना नुसतं ‘हलू नका, उभे राहा’ सांगितलं तर ती किती वेळ उभी राहतात, आणि ‘तू पहारेकरी आहेस, पहाऱ्यावर आहेस’ असं खेळात सांगितलं तर किती वेळ, हे तिने मोजलं. पहारेकरी झालेली मुलं जास्त वेळ स्थिर राहिली. तीच मुलं, तेच पाय, फरक फक्त सोंगाचा. 2017 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी चार आणि सहा वर्षांच्या मुलांना दहा मिनिटांचं एक कंटाळवाणं काम दिलं, बाजूला मोहात पाडायला आयपॅडवरचा गेम ठेवला, आणि काहींना बॅटमॅनसारखं एखादं आवडतं पात्र होऊन काम करायला सांगितलं. पात्र झालेली मुलं कामाला जास्त वेळ चिकटून राहिली. म्हणजे ज्या स्थिरतेसाठी आणि चिकाटीसाठी मेसेजवाले खेळ बंद करा म्हणतायत, ती स्थिरता या वयात खेळातूनच जास्त मिळते.

आता याचा अर्थ सोंग केलं की मूल हुशारच होतं असा कुणी काढू नका हं. 2013 मध्ये अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी काल्पनिक खेळावरचं तोवरचं संशोधन तपासून सांगितलं होतं की त्याच्या फायद्यांचे मोठमोठे दावे पुराव्याच्या मानाने फुगवलेले आहेत. आमच्या बाजूचे लोकही काही कमी फेकत नाहीत.

‘प्रत्येक आसन पूर्ण एक मिनिट’

तीन वर्षांचं मूल एका पायावर जेमतेम एक-दोन सेकंद उभं राहतं, चार-पाच वर्षांचं साधारण पाच ते दहा सेकंद, मूल कुठलं यावर थोडं इकडेतिकडे. आणि यांना एक मिनिट वृक्षासन हवंय! ज्याला हे शक्य वाटतं त्याने स्वतः डोळे मिटून एका पायावर मिनिटभर उभं राहून बघावं, मग बोलू.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. झाडाचा खेळ चाललाय, सगळे एक पाय उचलून फांद्या वर करून उभे, मी म्हणते वारा सुटला, की सगळी झाडं डोलायला लागतात, आणि डोलताना तोल सांभाळायला तळपायाची बोटं जमीन कशी घट्ट पकडतात ते खाली वाकून बघण्यासारखं असतं. पाय टेकतो, परत उचलला जातो, परत टेकतो. एक मुलगा म्हणाला मी झाड नाही होणार, मी सुतारपक्षी. ठीक आहे बाबा, हो. तो एकेका झाडापाशी जाऊन चवड्यावर उभा राहून पाठीवर बोटाने टकटक करायला लागला, ज्या झाडावर टकटक होईल ते खुदकन हसून कोसळायचं आणि लगेच परत उगवायचं, आणि थोड्या वेळाने झाडांनीच ठरवलं की टकटक झाली तरी हसायचं नाही, पडायचं नाही. ही शिस्त मी लावलेली नव्हती. त्या एवढ्याशा वेळात प्रत्येकाने तोल कितीदा तरी सावरला, आणि तोल शिकायचा असतो तो सावरण्यातूनच, पुतळ्यासारखं उभं राहून नाही.

थांबणं शिकवायचंच असेल तर त्यालाही खेळ आहेत की. ‘पाऊस’ म्हटलं की बेडकासारख्या उड्या, ‘ऊन’ म्हटलं की सरड्यासारखं पोटावर निपचित. हे अंगवळणी पडलं की नियम उलटा करायचा, पावसाला निपचित आणि उन्हाला उड्या. इथे खरी गंमत येते, कारण अंग निघालेलं असतं उडी मारायला आणि डोकं म्हणत असतं थांब. पटकन आलेली कृती दाबून दुसरी करणं ही क्षमता मोजायला संशोधकही असाच उलट्या नियमाचा खेळ वापरतात, डोक्याला हात लाव म्हटलं की पायाला लावायचा वगैरे. फक्त एकच काळजी घ्या, चुकणाऱ्याला बाद करू नका, कारण ज्याला या सरावाची सगळ्यात जास्त गरज तोच पहिल्या फेरीत बाहेर जाऊन बसतो.

‘शरीर लवचिक आहे, आत्ताच वाकवून घ्या’

हा मुद्दा वाचून मात्र मला खरंच राग आला, कारण बाकीचे मुद्दे फार तर वेळ वाया घालवतील, हा इजा करू शकतो.

लहान मुलं लवचिक असतात ती आधीपासूनच, त्यांना अजून ताणायची गरज नसते. उलट काही मुलांचे सांधे गरजेपेक्षा जास्त सैल असतात, कोपर उलट्या बाजूला जातं, अंगठा वाकून मनगटाला टेकतो, आणि अशी मुलं आसनांत ‘किती छान जमतंय’ म्हणून टाळ्या मिळवतात, जेव्हा खरं तर त्यांना ताणण्यापेक्षा ताकद हवी असते. वाढत्या हाडांच्या टोकांपाशी कूर्चेचा थर असतो, ग्रोथ प्लेट म्हणतात त्याला, हाड लांबीला तिथूनच वाढतं, आणि तो भाग आसपासच्या पक्क्या हाडापेक्षा आणि हाडं एकमेकांना जोडणाऱ्या अस्थिबंधांपेक्षा कमजोर असतो. कंबर पुन्हा पुन्हा मागे वाकवण्याचं म्हणाल तर जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या कोवळ्या मुलामुलींमध्ये मणक्याच्या मागच्या बाजूला ताणाने बारीक फ्रॅक्चर होतं, त्याला स्पॉन्डिलोलिसिस म्हणतात, बहुतेक वेळा कमरेच्या पाचव्या मणक्यात. तीन वर्षांच्या मुलाने स्वतःहून पोटावर पडून सापासारखं डोकं वर काढलं तर काही बिघडत नाही, ते दमलं की आपणच खाली येतं. पण मोठ्या माणसाने खांद्याला धरून ‘अजून थोडं, अजून थोडं’ करत मागे खेचणं ही वेगळी गोष्ट आहे.

आणि शीर्षासन! मेसेजसोबतच्या फोटोत चिमुरडी मुलं शीर्षासनात दाखवलीत. नवजात बाळाचं डोकं लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं, मोठ्या माणसाचं उंचीच्या साधारण आठवा भाग. बालवाडीतलं मूल या दोन्हीच्या मधे कुठेतरी, म्हणजे डोकं मोठं, मान बारीक, मानेचे अस्थिबंध अजून सैल. त्या मानेवर अख्खं शरीर कशासाठी तोलायचं? उलटं जग बघायचंय तर हात टेकून कुत्र्यासारखं ढुंगण वर करा आणि पायांमधून मागे बघा, मुलांना ते शीर्षासनापेक्षा जास्त आवडतं.

या सगळ्याला माझा साधा नियम आहे, मुलाच्या अंगाला हात लावून पोझ ‘दुरुस्त’ करायची नाही. मांजर वाकडं झालं तर वाकडं मांजर.

‘डावा-उजवा मेंदू जोडला जातो, गणित सुधारतं’

जोडलेलाच असतो हो. दोन्ही अर्धगोलांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम नावाचा जाड पट्टा असतो, त्यात सुमारे 20 कोटी तंतू, आणि तो पक्का होत जाण्याचं काम तारुण्यापर्यंत चालू राहतं. उजवा हात डाव्या गुडघ्याला लावला की त्यात नवीन काही जोडलं जात नाही. ही कल्पना मुख्यतः 1980 च्या दशकातल्या ‘ब्रेन जिम’ नावाच्या प्रोग्रॅममधून पसरली, अनेक शाळांनी ती उचलली, आणि नंतर संशोधकांनी त्यावरचे अभ्यास तपासले तेव्हा शाळेच्या अभ्यासात प्रगती होते याला धड पुरावा सापडला नाही. हात-गुडघ्याचा खेळ समन्वयासाठी छान आहे, जरूर खेळा, पण गणित सुधारायचं असेल तर गणितच करावं लागेल, इथे उगाच बादरायण संबंध जोडू नका.

‘उंची वाढते’

नाही. उंची ठरते ती मुख्यतः आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर, मग पोषण, आजारपण, हार्मोन्स यावर. ताणल्याने हाड लांब होत नाही. पुढे.

‘श्वास रोखायला शिकवा’

लहान मुलाचा श्वास आपल्यापेक्षा मुळातच जलद असतो आणि तो मोजून धरायला लावणं त्याला कळतही नाही आणि मानवतही नाही. बरं, मुलं स्पर्धा लावतात, कोण जास्त वेळ रोखतो, चेहरे लाल होईपर्यंत. आणि भराभर श्वास सोडायचे प्रकारही नकोतच, कारण जास्त वेळ जोरजोरात श्वास घेतला-सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि चक्कर येते.

श्वासाचा खेळ हवाच असेल तर सोडण्यावर खेळा. तळहातावर पीस ठेवून ते उडू न देता हलेल एवढीच फुंकर. पाठीवर पडून पोटावर मऊ खेळणं ठेवायचं, खेळणं होडी आणि पोट समुद्र, होडी बुडवायची नाही. सांगायलाच लागत नाही, श्वास आपोआप लांबतो. एखाद्याला नुसतं लोळायचं असेल तर लोळू द्या.

‘चंचल मुलांची औषधं सुटतात’

एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा या त्रासासाठी, मुलांच्या योगाचे काही छोटे अभ्यास आहेत, काहींत थोडा फायदा दिसलाय, पण औषधाची जागा घेईल इतका भक्कम पुरावा त्यात नाही. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचना बघितल्या तर चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी पहिला उपाय औषध नाहीच, आधी पालकांना प्रशिक्षण, वागणूक कशी हाताळायची याचं. म्हणजे मेसेज ज्या वयाबद्दल बोलतोय त्या वयात बहुतेकांची औषधं सुरूच झालेली नसायला हवीत. आणि ज्या मुलाची सुरू आहेत ती डॉक्टरांनी काहीतरी बघून दिलेली असतात, बंद करायचा निर्णयही तिथेच बसून घ्यायचा.

बाकी सगळीच तीन-चार वर्षांची मुलं चंचल असतात बरं का, त्याला आजार म्हणायची घाई कुणाला एवढी?

‘वेळ नसेल तर व्हिडिओ लावून द्या’

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल हवी, त्यातली निदान 60 मिनिटं दम लागेल अशी, आणि बसून स्क्रीन बघणं एक तासापेक्षा जास्त नको, कमी तेवढं बरं. व्हिडिओसमोर मूल खरंच हलत असेल तर ते काही बसून बघणं नाही, त्यामुळे मी व्हिडिओला सरसकट नावं ठेवणार नाही. पण बहुतेक घरांत पहिले चार दिवस मूल हलतं आणि पाचव्या दिवशी तोंड उघडं ठेवून सोफ्यावरून बघत बसतं. व्हिडिओतल्या ताईला दिसत नाही ना की समोरच्याला आज झाड नाही, सुतारपक्षी व्हायचंय, ती आपली पुढच्या आसनाला निघून जाते.

लावायचाच असेल तर सोबत तुम्ही जमिनीवर या, दोन-तीन हालचाली झाल्या की पॉज करा आणि विचारा, आता हा अस्वल कुठे निघालाय? तिथून पुढे बऱ्याचदा प्ले दाबायची वेळच येत नाही, अस्वल पलंगाखाली गेलेलं असतं आणि तुम्हालाही गुडघ्यांवर रांगत मागोमाग जावं लागतं.