'रेलिक'चा शेवट किळसवाणा नाहीये

भयपट न बघणाऱ्यांनीही 'रेलिक' बघावा असं मला मनापासून वाटतं. पुढे शेवट सांगितलाय, त्यामुळे बघायचा असेल तर इथेच थांबा.

२०२० सालचा ऑस्ट्रेलियन सिनेमा. दिग्दर्शिका नॅटली एरिका जेम्स यांचा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. त्यांच्या जपानमधल्या आजीला अल्झायमर झाला होता आणि एका भेटीत आजीने त्यांना ओळखलंच नाही. हे बीज पडद्यावर जागोजागी जाणवतं.

एकटी राहणारी म्हातारी एडना बेपत्ता होते. तिची मुलगी के आणि नात सॅम शोधायला येतात, तर घरभर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. एक साधी, गोळ्या घ्यायची आठवण करणारी. आणि दुसरी बजावते, त्याच्या मागे जाऊ नकोस. सगळ्या सिनेमात मला सर्वात जास्त भीती या चिठ्ठ्यांची वाटली. माझी आई गेल्यावर तिच्या पर्समध्ये चार घड्या घातलेला कागद सापडला होता. त्यावर तिच्याच अक्षरात माझं नाव, आणि पुढे 'मुलगी'. मी समोर असताना ती तो कधी उघडून बघायची, मला कळलंच नाही.

एडना परत येते, पण पूर्ण परत येत नाही. नातीला प्रेमाने अंगठी देते आणि नंतर चोरी केलीस म्हणून तिच्या बोटातून ती ओरबाडून काढते. ज्यांनी घरात हे पाहिलंय त्यांना या प्रसंगात भूत शोधावं लागणार नाही. आपलंच माणूस आपल्याकडे परक्या नजरेने बघतं, तेव्हा पोटात जो खड्डा पडतो तोच इथे पडतो.

सॅम भिंतींमागच्या बोळांत अडकते तो भाग थोडा ताणलाय, हे मान्य. पण ओळखीच्या घरात वाट न सापडणं म्हणजे काय, हे त्याशिवाय कळलं नसतं.

के थंड, स्वार्थी आहे असं बरेच जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. आईसाठी मेलबर्नमधला वृद्धाश्रम बघून येणारी मुलगी वाईट नसते, ती थकलेली असते. आणि शेवटी पळून जायची वाट मोकळी असताना तीच मागे फिरते. आईचं आता माणसासारखं काही उरलेलं नाही. के तिला उचलून पलंगावर ठेवते आणि तिची काळी पडलेली कातडी हळूहळू सोलून काढते. यालाच लोक किळसवाणं म्हणतात. एकदा फक्त केचे हात बघा. आईला दुखू नये म्हणून शेवटच्या दिवसांत अंग पुसताना माझे हात असेच चालायचे.

मग के आईला कुशीत घेऊन पडते. सॅमही येऊन आपल्या आईच्या, केच्या पाठीशी आडवी होते, आणि तिला केच्या पाठीवर एक छोटा काळा डाग दिसतो.