आयएस लेन्स सॉफ्टच असते का? प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की आयएसवाल्या (इमेज स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सावरण्याची सोय असलेल्या) लेन्समध्ये काचा जास्त, त्यामुळे ती बिनआयएसवालीपेक्षा सॉफ्टच (म्हणजे कमी धारदार फोटो देणारी) असणार, आणि मी अशा दोन लेन्सची ट्रायपॉडवर टेस्ट घेऊन उगाच आयएसची तरफदारी केली.

आधी ट्रायपॉडचं सांगतो. मला फक्त काच तपासायची होती, हातात कॅमेरा धरला की काचेचा दोष कुठला आणि हाताचा कुठला तेच कळत नाही, म्हणून ट्रायपॉड लावला, आयएस बंद ठेवलं (जुन्या आयएस लेन्स ट्रायपॉडवर चालू ठेवल्या तर कधीकधी स्वतःच चित्र हलवतात) आणि दोन्ही लेन्सचं अपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र) सारखंच, एफ/४ ला ठेवलं. पण हातात धरून टेस्ट घ्यायला हवी होती हे तुमचं अगदी बरोबर, ती मी आता घेतलीय.

काचांच्या संख्येचं मात्र मला पटत नाही. कॅननची ७०-२०० एमएम एफ/४ झूम लेन्स घ्या, १९९९ ची बिनआयएसवाली १६ काचांची, २००६ ची आयएसवाली २० काचांची, आणि तरी शार्पनेसमध्ये नवीच सरस मानली जाते, कारण मधल्या सात वर्षांत अख्खं डिझाइनच नव्याने झालं. उलट कॅननच्याच ४०० एमएम एफ/५.६ मध्ये आयएस नाही, काचा फक्त ७, आणि पक्षी टिपणारे तिच्यावर अजून जीव टाकतात. म्हणजे नुसत्या काचा मोजून काही ठरत नाही, आणि त्यात एकाच मॉडेलच्या दोन नगांमध्येही फरक निघतो, तो तर माझ्या टेस्टलाही लागू आहे.

आता हातातली टेस्ट. भिंतीवर बारीक छपाईचं पान चिकटवलं, २०० एमएम, शटर १/६० सेकंद. बिनआयएसवालीच्या फोटोत ‘क’ची उभी रेघ दुहेरी झालेली, आणि वरची शिरोरेघ मात्र धारदार! लेन्स सॉफ्ट असती तर दोन्ही रेघा सारख्याच पुसट झाल्या असत्या, इथे हात आडवा हलला एवढंच. आयएस चालू केलं तर त्याच शटरला दहातले बहुतेक फोटो स्वच्छ आले. शटर १/५०० केल्यावर दोघींत मला काही फरक दिसेना.

हां, पक्षी उडत असेल तर त्याची हालचाल आयएसने थांबत नाही, तिथे शटरच वाढवावं लागतं, नाहीतर फांदी एकदम शार्प येते आणि पंख पुसट.

तुम्ही ज्या फोटोवरून तुमच्या आयएस लेन्सला सॉफ्ट म्हणताय तो एकदा शंभर टक्के झूम करून बघाच. पुसटपणा एकाच दिशेला ओढल्यासारखा असेल तर शटर किती होतं ते तपासा. सगळीकडून सारखाच असेल तर आधी फोकस तपासा, आणि तोही बरोबर असेल तर मग तुमच्या लेन्समध्येच गडबड आहे, ती दुरुस्तीला द्या.