किल्ली कोणाजवळ हाय?

नागपुरातला अजब बंगला, म्हणजे तिथलं मोठं सरकारी संग्रहालय, १८६३ सालचा. तिथं तिकीट आहे, पहारा आहे, सोमवारची सुट्टी आहे; म्हणजे आपल्या अंगच्या गुणांना वाव नाही. त्यापेक्षा उमरेड नाहीतर काटोलच्या बाजूला चार निवृत्त मंडळींनी वर्गणीवर चालवलेलं दोन खोल्यांचं संग्रहालय गाठा. फोन न करता, मे महिन्यात, दुपारी दोनला. कुलूप दिसेलच. पानठेल्यावर विचारा, "किल्ली कोणाजवळ हाय?" किल्लीवाले काकाजी जेवून नुकतेच आडवे झालेले असतात. ते शर्टाची बटणं लावत येईपर्यंत हॉर्न वाजवत राहा.

आत पाऊल टाकल्याबरोबर "एवढंच?" म्हणायचं. मग कूलर मागा. काकाजी नाही म्हणतील: कूलरच्या ओल्या हवेनं कागद फुगतो, बंद केला की आवळतो, आठ दिवसांत कडा तडकतात, ओल मुरली तर बुरशी धरते आणि कसरीचीही सोय होते. सगळं शांतपणे ऐकून घ्या आणि बटण दाबा.

आता जुन्या मोडी लिपीतल्या कागदांचा रुमाल सोडायला लावा. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, घाम पुसायचा नव्हे. तरी पुसलात तर कोण अडवणार? सकाळच्या तर्रीपोह्याचं तेल बोटांवर असेल तर राहू द्या. पान उलटताना बोटाला थुंकी लावायची. ही काजळाची शाई, डिंकात खललेली. ती कागदात मुरत नाही, वर बसून राहते. ओलं बोट फिरलं की अक्षर बोटावर येतं. इतका सोपा वारसा दुसरा नाही.

वाचता येत नाही म्हणून गप्प बसू नका. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि तिला अक्षरं लटकवत जातात. हात उचलायचा नाही, शब्दांत जागा सोडायची नाही. त्यामुळे मुरलेल्या वाचकालाही एका पानाला वेळ लागतो. तुम्ही मात्र थेट आकडा शोधा. १७३९ दिसला की जाहीर करा, "पहिल्या रघूजी भोसल्यांचा काळ!" काकाजी पुटपुटतील, "भाऊ, तो शालिवाहन शक आहे. इसवी सनासाठी ७८ मिळवा." मिळवले तर १८१७ येतं, म्हणजे आप्पासाहेब भोसले आणि त्यांची इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांसाठी माघार घेणाऱ्यांतले आपण नव्हे. कागदावर शुहूर सन, म्हणजे जुन्या दप्तरांतली आणखी एक कालगणना, निघाला तर तिथं ५९९ की ६०० मिळवायचे हे महिन्यावर ठरतं. त्या भानगडीत पडू नका, शेजारच्या सातबाऱ्याचा वाद याच कागदावर मिटतो का ते विचारा.

रिकाम्या हातानं जाऊ नये, काहीतरी दान न्यावं. आजोबांचं पत्र असेल तर फाटल्या जागी सेलोटेप मारा. त्याचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन कागदाच्या आरपार उतरतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी नक्षी. त्याहून पक्कं काम हवं तर लॅमिनेशन. उष्णतेनं चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा कोणाच्या बापाला सोडवता येत नाही. तांब्याचे पैसे असतील तर चिंच-मीठ लावून काथ्यानं घासा, अक्षरं जाईपर्यंत. कोऱ्या चकत्या दिसायला फार सुरेख. त्या शेतात नांगरताना सापडल्या असतील आणि किंमत दहा रुपयांच्या वर असेल, तर १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ते काकाजींना कळवू द्या. कुठं, किती खोल, कशाच्या भांड्यात सापडल्या हे विचारलं तर "तिकडंच, वावरात" एवढं पुरे.

निघताना दानपेटीत दहाची नोट टाका आणि पार्किंगला सावली का नाही ते विचारा. अभिप्रायाच्या वहीत "छान, पण सुधारणेस वाव" लिहा. पेन सुतळीनं टेबलाला बांधलेलं असेल. गाठ साधीच असते, ओढली की सुटते.