लस नको असेल तर देवाला मध्ये घाला

अमेरिकेत नोकरीला आहात आणि मालक म्हणतो लस घ्या? डगमगू नका. फक्त सूट मागण्याच्या अर्जात खरं कारण लिहू नका. सुईची भीती वाटते, सरकारवर भरवसा नाही, मेव्हण्याने व्हिडिओ पाठवला, ही सगळी झाली वैयक्तिक मतं. १९६४च्या नागरी हक्क कायद्यातलं टायटल सेव्हन, म्हणजे नोकरीत धर्मावरून भेदभाव नको सांगणारं प्रकरण, त्यांना विचारत नाही. हेच सगळं देवावर ढकला, की मालकाला तुमची सोय बघावीच लागते.

धर्म मोठा, संघटित असला तर एक अडचण असते: वर कोणीतरी बसलेलं असतं आणि ते बोलतं. डिसेंबर २०२०मध्ये व्हॅटिकनने कोविडची लस घ्यायला नैतिक हरकत नाही असं सांगून टाकलं. पण खचू नका. तुमची श्रद्धा तुमच्याच धर्मगुरूंना मान्य नसली तरी कायद्याला चालते. ती मनापासून हवी, एवढंच. आणि मनात डोकवायला एचआरकडे, म्हणजे कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडे, दुर्बीण नाही.

मात्र पाल्हाळ लावू नका. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालय कर्मचाऱ्याने फ्लूची लस नाकारताना लांबलचक निबंध जोडला. लस अपायकारक आहे ही धारणा वैद्यकीय आहे, धार्मिक नव्हे, असं २०१७मध्ये अपील न्यायालयाने ठरवलं. याउलट सिनसिनाटीतल्या एक बाई व्हेगन, म्हणजे प्राणिजन्य काहीच न घेणाऱ्या, म्हणून फ्लूची लसही नको म्हणाल्या. त्यांचा दावा २०१२मध्ये न्यायालयाने निदान दारातूनच परत पाठवला नाही.

गर्भपेशींचा मुद्दा, म्हणजे लसीच्या संशोधनात गर्भपात झालेल्या भ्रूणापासून वाढवलेल्या पेशी वापरल्या हा आक्षेप, सर्वांत लोकप्रिय. पण तो लिहिण्याआधी घरातला औषधांचा डबा तपासा. २०२१मध्ये आर्कान्सातल्या एका आरोग्यसंस्थेने असे अर्ज करणाऱ्यांपुढे एक कागद सरकवला: टायलेनॉल, अ‍ॅस्पिरिन, टम्स वगैरे नेहमीच्या औषधांच्या संशोधनातही त्याच प्रकारच्या पेशी वापरल्या आहेत, तेव्हा हीही घेणार नाही अशी सही करा. सदसद्विवेक जागा असेल, पण डोकेदुखीही जागीच असते हो.

मालकांनाही दोन शब्द. पूर्वी तुमची चैन होती. १९७७च्या निकालाने सोय नाकारायला किरकोळ खर्चाचं निमित्तही तुम्हाला पुरत होतं. २०२३मध्ये रविवारी टपाल वाटायला नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती पोस्टमनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती सवलत काढली. आता धंद्याच्या मानाने भरीव बोजा पडतो हे सिद्ध करा. सॅन फ्रान्सिस्को भागातल्या बार्ट रेल्वेने सूट मंजूर केली, पण सोय मात्र कुणाचीच करता येत नाही म्हणाली. सूट आहे, नोकरी नाही! २०२४मध्ये ज्युरीने सहा कर्मचाऱ्यांना मिळून ७० लाख डॉलरहून अधिक देवविले.

राहता राहिले ते लोक, जे वर्षानुवर्षं कुठलंच औषध न घेता प्रार्थनेवर विसंबून जगत आलेत. त्यांचा अर्ज दोन ओळींचा असतो, त्याला वकिलाचा मसुदा नसतो, आणि एचआरला तो अपुरा वाटतो. त्यांना तुमच्या अर्जाचा नमुना पाठवून द्या.