झालेल्या सामन्यांचे पैसे कशासाठी?

दर हंगामाला हाच संताप नव्याने उफाळून येतो. पुढच्या वर्षी संघात कोण राहणार, प्रशिक्षक कोण असणार, इतकेच काय तर संघ कोणत्या श्रेणीत खेळणार हेही ठरलेले नसताना सीझन तिकीट (क्लबच्या घरच्या मैदानावरील हंगामभराच्या सामन्यांचे एकच तिकीट) घेतले, तर 'अर्ली बर्ड', म्हणजे लवकर घेणाऱ्याची, सवलत मिळते. आणि हातात पैसे येईपर्यंत थांबलेल्या माझ्यासारख्याला त्याच रांगेतल्या त्याच खुर्चीसाठी जास्त रक्कम मोजावी लागते. 20 संघांच्या साखळीत प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एक असे घरच्या मैदानावर 19 सामने होतात. त्यांपैकी चार उरकल्यावर येणाऱ्याकडून 15 सामन्यांचेच पैसे घ्यावेत, हा हिशेब शाळकरी पोरालाही कळेल. पण खिडकीवरचा माणूस पूर्ण आकडा सांगतो आणि वर 'आधी का नाही घेतलेत?' असेही विचारतो. हंगाम संपल्यावर क्लबला रोकड लागते, हे मला मान्य आहे. लवकर पैसे भरणाऱ्याला सवलत जरूर द्या. परंतु होऊन गेलेले सामने मला का विकता? गंमत म्हणजे (गंमत कसली!) गेल्या खेपेला मी बेरीज करून पाहिली, तेव्हा उरलेल्या सामन्यांची सुटी तिकिटेच स्वस्त पडत होती.