नळी जाड करून उत्पादन वाढत नाही

प्रयोगशाळेतली प्लाझ्मा-उत्प्रेरक नळी (विजेने गॅसचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, करून उत्प्रेरकावर अभिक्रिया घडवणारी) दहापट मोठी केली की कार्बन डायऑक्साइडपासून कार्बन मोनॉक्साइडही दहापट मिळेल, असं अशा नळीवरच्या एका लेखात गृहीत धरलंय. तसं होत नाही. या नळीत डायइलेक्ट्रिक बॅरिअर डिस्चार्ज, म्हणजे काचेसारखा विद्युतरोधक थर मध्ये ठेवून घडवलेला विद्युत-विसर्ग, असतो; त्यात इलेक्ट्रोडमधली फट काही मिलिमीटरचीच ठेवावी लागते. ती वाढवली की व्होल्टेज फार चढवावं लागतं आणि डिस्चार्ज सगळीकडे सारखा पसरत नाही. म्हणून शेकडो लहान नळ्या समांतर जोडायच्या. पाणी शुद्धीकरणाची मोठी ओझोन यंत्रं अशीच असतात. तिथे नळीगणिक वेगळा फ्यूज देतात, म्हणजे एका नळीची काच फुटली तरी अख्खा संच बंद पडत नाही.

ओझोनवाल्यांना नसलेली अडचण उत्प्रेरकाच्या गोळ्यांची. त्या कुठे घट्ट, कुठे सैल भरल्या गेल्या की गॅस सैल नळ्यांतूनच पळतो. गॅस सारखा वाटला जावा म्हणून प्रत्येक नळीच्या तोंडाशी, गोळ्यांच्या थरापेक्षा जास्त अडथळा देणारं बारीक छिद्र ठेवा. नळ्या वाढल्या की कपॅसिटन्सही (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढतो, रेझोनन्सची वारंवारता, म्हणजे ज्या वारंवारतेला वीजपुरवठा नळ्यांशी नीट जुळतो ती, खाली सरकते, आणि जुना वीजपुरवठा जुळत नाही.

आणि वीज कृपया भिंतीवरच्या मीटरवर मोजा. लिसाजू आकृतीचं (व्होल्टेज आणि विद्युतभार यांच्या आलेखाचं) क्षेत्रफळ फक्त प्लाझ्मात गेलेली ऊर्जा दाखवतं. एक मोल, म्हणजे 44 ग्रॅम, कार्बन डायऑक्साइड फोडायला किमान 283 किलोज्यूल लागतात. कार्यक्षमता 10 टक्के धरली तर 0.79 युनिट वीज. कोळशाच्या विजेवर हे चालवलं, तर 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वापरण्यासाठी 700 ग्रॅमच्या आसपास हवेत सोडला जाईल.