व्हीपीएनवाला अलर्ट खोटा नसतो, त्यातलं गाव खोटं असतं

व्हीपीएन, म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्याच सर्व्हरमार्गे नेणारं ॲप, याबद्दल ग्रुपाग्रुपांतून एक मेसेज फिरतोय: ‘व्हीपीएन चालू असताना नवीन साइन-इनचा मेल आला तर घाबरू नका, तो खोटा अलर्ट असतो. “हो, मीच” दाबा आणि मेल उडवून टाका. व्हीपीएन असल्यावर कोणी हॅक करूच शकत नाही. गुगलला व्हीपीएन खपत नाही म्हणून ते घाबरवतात. फारच त्रास झाला तर भारतातला सर्व्हर निवडा.’ पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्याच्याच जोरावर बाकीची खपतात.

‘तो खोटा अलर्ट असतो’

मेल कंपनीला तुम्ही दिसत नाही, तुमचा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या इंटरनेट कनेक्शनचा नंबर, दिसतो. व्हीपीएन लावला की त्याजागी व्हीपीएनच्या सर्व्हरचा पत्ता पुढे जातो. साताऱ्यात बसून नेदरलँड्सचा सर्व्हर निवडलात तर मेलमध्ये ॲमस्टरडॅम येणारच. त्यात आयपीवरून गाव काढणं हा मुळातच अंदाजपंचे कारभार. मॅक्समाइंड या अमेरिकी कंपनीच्या डेटाबेसात, जे पत्ते अमेरिकेतले आहेत पण नेमके कुठले ते ठाऊक नाही, ते सगळे देशाच्या साधारण मध्यावरच्या एका बिंदूवर टाकलेले होते. तो बिंदू पडला कॅन्ससमधल्या पॉटविन गावाजवळच्या एका शेतघरावर. इंटरनेटवर कुणी काही उद्योग केला की पोलीस त्या शेतघरात राहणाऱ्यांच्या दारात! कित्येक वर्षं चाललेला हा छळ 2016 मध्ये उजेडात आला. आपल्याकडेही मोबाईल डेटावर लॉगिन करणाऱ्या नांदेडकराला व्हीपीएनशिवायच ‘मुंबई’ दिसू शकते.

तेव्हा गाव चुकतं, हे कबूल. पण गाव चुकलं म्हणून लॉगिन झालंच नाही असं होत नाही. अलर्टमध्ये वाचायचं ते गाव नव्हे. वेळ आणि डिव्हाइस. कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, इनबॉक्सच्या पार तळाशी उजवीकडे बारीक अक्षरांत शेवटची ॲक्टिव्हिटी लिहिलेली असते, तिथल्या ‘डिटेल्स’वर क्लिक करा. ब्राउझरमधून की मोबाईलवरून, कुठल्या आयपीवरून, किती वाजता, सगळं ओळीने दिसतं. अकाउंटच्या सिक्युरिटी पानावर डिव्हाइसेसची यादी असते, तीही बघा. रात्री 9:40 ला व्हीपीएन लावून नव्या ब्राउझरमध्ये लॉगिन केलंत आणि नोंद 9:41 ची, त्याच ब्राउझरची, तर विषय संपला. पहाटे सव्वातीनची नोंद, तुमच्या घरात नसलेल्या आयफोनची? मग व्हीपीएन चालू होता की बंद, याने काही फरक पडत नाही.

नुसता आयपी जुळला म्हणूनही निश्चिंत होऊ नका. व्हीपीएनचा एकच पत्ता एका वेळी शेकडो लोक वापरत असतात. आणि आधीच लॉगिन असलेल्या ब्राउझरमध्ये व्हीपीएन चालू-बंद केल्याने सहसा नवीन साइन-इन होत नाही. इन्कॉग्निटो उघडलं, कुकीज साफ केल्या, नवा फोन घेतला, की होतं. यातलं काहीच केलं नसेल तर अलर्ट नीट वाचा.

‘“हो, मीच” दाबा’

हा सगळ्यात घातक सल्ला. सप्टेंबर 2022 मध्ये उबरमध्ये घुसलेल्या हॅकरकडे एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा पासवर्ड आधीच होता. अडत होतं ते फक्त मंजुरीवर. त्याने लॉगिनच्या विनंत्या पाठवायचा सपाटा लावला, आणि शेवटी कर्मचाऱ्याने एक मंजूर केली. एवढंच पुरलं. आपण त्या क्षणी लॉगिन करत नसू, तर उत्तर ‘नाही’ हेच, आणि लगेच पासवर्ड बदलायचा.

मेलमधल्या बटणाला तर हातच लावू नका. एप्रिल 2025 मध्ये गुगलच्याच पत्त्यावरून आल्यासारखे, तांत्रिक तपासणीत पास झालेले फसवे मेल समोर आले होते. ब्राउझरमध्ये स्वतः पत्ता टाकून अकाउंट उघडा आणि तिथे बघा.

‘व्हीपीएन असल्यावर हॅक होत नाही’

व्हीपीएन तुमच्यापासून त्याच्या सर्व्हरपर्यंतची वाट झाकतो, बस्स. चोरलेला पासवर्ड जगातल्या कुठल्याही कोपऱ्यातून टाकता येतो. आणि फुकटच्या व्हीपीएनची गंमत वेगळीच: होला हा फुकटचा व्हीपीएन वापरणाऱ्यांचं कनेक्शन दुसऱ्या गिऱ्हाइकांना विकलं जातं, हे 2015 मध्ये उघड झालं होतं.

‘गुगलला व्हीपीएन खपत नाही’

गुगल स्वतः पिक्सेल फोनवर व्हीपीएन देतं. संशय येतो तो अनोळखी जागेचा, कारण हॅकरही व्हीपीएन आणि प्रॉक्सीमागेच (म्हणजे दुसऱ्याच्या मशीनआडच) लपतात. जानेवारी 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने कंपनीच्याच मेलमध्ये रशियन हॅकर शिरल्याचं जाहीर केलं. ते सामान्य घरांच्या आयपी पत्त्यांआडून आले होते.

‘भारतातला सर्व्हर निवडा’

कल्पना चांगली, पण तो सर्व्हर भारतात असेलच असं नाही. ग्राहकांची माहिती 5 वर्षं जपून ठेवा, असा आदेश सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल 2022 मध्ये काढल्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी इथले सर्व्हर गुंडाळले. एक्सप्रेसव्हीपीएनने मग सिंगापूर आणि ब्रिटनमध्ये बसवलेल्या मशीनवरून भारतीय आयपी द्यायला सुरुवात केली. असा पत्ता कुठला धरायचा हे ज्याच्या-त्याच्या डेटाबेसवर. एकाला भारत दिसेल, दुसऱ्याला सिंगापूर. त्यापेक्षा दर वेळी तोच एक सर्व्हर वापरा, किंवा ॲपमध्ये स्प्लिट टनेलिंगची सोय असेल तर मेलचं ॲप व्हीपीएनमधून वगळून टाका.